तिसरा आग्रह

फरंगीस-खानूमला कुणी वय विचारलं तर ती म्हणायची, "एकतीस." ऐकणारा हसायचा, ती हसायची नाही. इराणमधलं रश्त सोडलं तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. पुढची चाळीस वर्षं जर्मनीतल्या कोलोनमध्ये वाट बघण्यात गेली, आणि वाट बघण्यातलं वय काय म्हणून धरायचं, असा तिचा रोकडा सवाल असे. तिच्या गुडघ्यांना मात्र हा हिशेब मान्य नव्हता.

रश्तला ती मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. वर्गाच्या भिंतीवर देशाचा नकाशा असायचा, बसलेल्या मांजरासारखा, आणि रश्त त्या मांजराच्या मानेपाशी. कोलोनमध्ये तिनं तीस वर्षं एका शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडले. "बटाट्याशी माझं वैर नाही," ती म्हणायची, "पण त्याच्याशी बोलणार तरी किती?" स्वप्नात तिला अजून रश्तचा बाजार दिसायचा. लसणाच्या माळा, टोपलीत वळवळणारे मासे, ओल्या भाजीचे ढीग, आणि पावसातून आत शिरून छत्र्या झटकत भाव करणाऱ्या बायका. जाग आली की ती थोडा वेळ डोळे उघडायचीच नाही.

आम्हा इराण्यांत तिची ओळख शनिवारची. दर शनिवारी ती हातगाडीवर घडीचं टेबल, चहाचा थर्मास आणि कागदांचे गठ्ठे घालून मोठ्या चर्चच्या चौकात यायची आणि दुपारपर्यंत उभी राहायची. मागे कापडी फलक: इराणमध्ये लोकशाही प्रजासत्ताक. खाली लहान अक्षरांत: ना मुकुट, ना पगडी. शहाची गादी नको आणि मुल्लांचं राज्यही नको, माणसांनी मत द्यावं आणि त्या मतानं राज्य चालावं, एवढंच मागणं. येणारे-जाणारे जर्मन कागद घ्यायचे, सहानुभूतीनं मान हलवायचे, आणि चौकाच्या दुसऱ्या टोकाला पोचले की गोंधळून परत यायचे. कारण तिथंही तसंच टेबल, तसाच फलक, आणि तिच्याच वयाची एक बाई तसाच कागद पुढे करत असायची.

"तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय?" ते विचारायचे.

"तात्त्विक आहे," फरंगीस म्हणायची.

हे साफ खोटं होतं. तत्त्व दोन्हीकडे एकच होतं. फरक होता तो एका आग्रहाचा, जो व्हायला हवा होता आणि झाला नाही.

त्या दुसऱ्या टेबलामागची बाई म्हणजे तूरान. एके काळी फरंगीसचा आणि तूरानचा भात एकाच पातेल्यात शिजायचा. फरंगीसचा नवरा ईरज अंझलीच्या बंदरात इंजिनिअर, तूरानचा नवरा नोसरत दातांचा डॉक्टर, आणि दोघं लंगोटीयार. शहाला घालवायला दोघं खांद्याला खांदा लावून रस्त्यावर उतरले होते. शहा गेला आणि आगीतून फुफाट्यात पडावं तसं झालं. मग दोघं प्रजासत्ताकाची पत्रकं वाटू लागले. वाटणारे एकेक करून नाहीसे व्हायला लागले, तेव्हा एका हिवाळ्यात चौघं खेचरांवरून बर्फाचे डोंगर ओलांडून तुर्कस्तानात उतरली, आणि तिथून हेलपाटे खात कोलोनच्या निर्वासितांच्या वसतिगृहात.

चौघांना मिळून एक खोली मिळाली. तूराननं सीमेपर्यंत सक्तीनं डोक्यावरून पांघरून आणलेली बुरख्यासारखी काळी चादर मधोमध दोरीवर टाकली, की झाली दोन घरं. "आयुष्यात पहिल्यांदा ही मेली कामाला आली," असं तूरान म्हणायची. फरंगीसला ती खोली अजून इंच न् इंच आठवते. चादरीपलीकडून नोसरतचं घोरणं यायचं, त्यावर ईरज इकडून म्हणायचा, "डॉक्टर, दुसऱ्यांचे दात काढता, स्वतःचं नाक कधी दुरुस्त करणार?" आणि घोरणं थांबून उत्तर यायचं, "आधी देश दुरुस्त करू, मग नाक." चुलीवर पातेलं एकच. त्याच्या तळाची सोनेरी खरवड म्हणजे आमच्यात ताटातला सगळ्यात मोठा मान. मग "तुम्ही घ्या", "छे, तुम्ही घ्या", "तुम्ही नाही घेतली तर मी जेवणार नाही" असं चालायचं, आणि तोवर खरवड गार होऊन फरशीसारखी कडक व्हायची. शेवटी नोसरत अक्कलदाढ काढावी तशी ताकद लावून तिचे चार तुकडे करायचा.

खिडकीला पडदे घ्यायचे नाहीत असं ठरलं होतं. पुढच्या वसंतात घरी जायचंच आहे, उगाच खर्च कशाला? नवरोजच्या क्षणाला रेडिओला कान लावून चौघं बसायची. पुढे कापडावर सफरचंद, लसूण, व्हिनेगर, हिरवे गव्हांकुर. नवं वर्ष लागलं की एकमेकांच्या गालांची चुंबनं घेत म्हणायची, "पुढचं वर्ष घरी." अशी किती वर्षं गेली कोण जाणे. पडदे शेवटी घेतले ते समोरच्या बिल्डिंगमधल्या म्हातारीनं तक्रार केली म्हणून. सरकारनं प्रवासाचं पुस्तक दिलं, त्यात लिहिलं होतं की याच्यावर सगळ्या देशांत जाता येईल, इराण सोडून. ईरज ते पान उघडून दाखवायचा. "बघ, सगळी दुनिया दिली आणि घर तेवढं कापून घेतलं." तूरान उठून चहा टाकायची.

संघटना त्याच खोलीत जन्मली. ईरज येणाऱ्या प्रजासत्ताकाची घटना लिहायचा, नोसरत प्रत्येक कलमाला हरकत घ्यायचा, आणि दोघी कांदे चिरत मध्येच विचारायच्या, "यात बायकांचं काय लिहिलंय?" की पुन्हा सगळं पहिल्यापासून. फरंगीस आजही सांगते, तेवढं सुख तिला नंतर कधी मिळालं नाही. घर नव्हतं, पैसा नव्हता, भाषा येत नव्हती, आणि रोज सकाळी वाटायचं, आज बातमी येईल.

बातमी आली नाही, माणसं मात्र येत गेली. काही वर्षांत दोन्ही जोडप्यांना वेगळी घरं मिळाली, संघटना चांगली पन्नास-साठ जणांची झाली, चौकातलं शनिवारचं टेबल सुरू झालं, आणि रीतसर अध्यक्ष निवडायची वेळ आली.

आता आमच्यात रीत अशी, की कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा लाजत लाजत घ्यायचं. मग तो चहाचा पेला असो की मुलीचा हात. देणाऱ्यानंही तीनदा म्हणायचंच. हे कुणी शिकवत नाही, आईच्या दुधाबरोबरच पोटात जातं.

सभा एका चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये होती आणि हॉल सहाला रिकामा करून द्यायचा होता. जर्मन रखवालदार किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात उभा. भाषणं लांबली होती. नोसरत उठला.

"अध्यक्ष व्हावं तर ईरज-आगांनीच. ते असताना दुसऱ्याचं नाव घेणं म्हणजे उन्हात पणती लावणं."

ईरजनं छातीवर हात ठेवला. "कसलं काय. माझी कुठं लायकी? आपण आहात ना."

"आपल्यापुढे मी कोण? आपणच."

"नाही, नाही. मी आपल्या पायाची धूळ. मला नकोच ते."

सगळा हॉल तिसऱ्या आग्रहाची वाट बघत होता. ईरजनं तर खाली मान घालून लाजायची तयारीही केली होती. तेवढ्यात रखवालदार जोरात खाकरला. नोसरतनं दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ठीक आहे तर. ईरज-आगांची इच्छा दिसत नाही."

होशमंद-आगा म्हणून एक फौजेतले मेजर होते. बुद्धिबळाच्या पटाबाहेर जगात काय चालतं याची त्यांना कधीच फिकीर नव्हती. ते म्हणाले, "मग नोसरत-आगाच होऊ देत, काय फरक पडतो?" नोसरत "छे छे" म्हणाला, पण एकदाच म्हणाला, कारण तेवढ्यात रखवालदारानं अर्धे दिवे बंद केले. अर्ध्या अंधारात टाळ्या पडल्या आणि निवडणूक संपली.

मागे चहाच्या समोवारपाशी उभ्या असलेल्या फरंगीसनं आणि तूराननं एकमेकींकडे पाहिलं. याचं पुढे काय होणार ते पूर्ण हॉलमध्ये त्या दोघींनाच कळलं होतं. कुणीतरी तेव्हाच "थांबा" म्हणायला हवं होतं. पण आपल्याच नवऱ्यासाठी पद मागायचं, की आपल्याच नवऱ्याचं काढून घ्यायचं? दोघी पेले विसळत राहिल्या.

ईरजनं नोसरतचे दोन्ही गाल चुंबले, अभिनंदन केलं, घरी आला, बूट काढले, आणि आठवडाभर बोलला नाही. बोलला तेव्हा एवढंच, "पडत्या फळाची आज्ञा समजून बसला लेकाचा."

"तुम्हाला हवं होतं तर सांगायचं होतं," फरंगीस म्हणाली.

"असं कुणी सांगतं का? आणि तू भूगोलाची मास्तरीण, तुला माणसांतलं काय कळणार."

तिकडे नोसरत तूरानला सांगत होता, "त्यानं स्वतःच्या तोंडानं नको म्हटलं. आता मी काय त्याच्या पोटात शिरून बघू?" दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटण्यातलं नव्हतं. हुकूमशाही उलथून टाकायला निघालेली ही माणसं, तुरुंगाला भ्यायली नाहीत, गोळीला भ्यायली नाहीत, आणि "मला हवंय" हे दोन शब्द तोंडातून काढायला मात्र मेल्याहून मेल्यासारखी झाली. पुढच्या शनिवारी ईरजनं चौकाच्या दुसऱ्या टोकाला वेगळं टेबल लावलं. मग सहा महिन्यांनी प्रांतांच्या अधिकारांबद्दल एक लांबलचक जाहीरनामा निघाला आणि भांडणाला तत्त्वाचे कपडे मिळाले.

तीस वर्षं दोन टेबलं लागत राहिली. नवऱ्यांच्या मागे बायका. फरंगीस आणि तूरान एकमेकींशी बोलल्या नाहीत, पण चौक काही फार मोठा नाही. तूरान खोकली की फरंगीसला ऐकू यायचं, आणि त्या खोकल्यावरून हेही कळायचं, की बाईनं पुन्हा लोकरीचं बनियन घातलेलं नाही. दोन्हीकडे माणसं कमी होत गेली. कुणी अमेरिकेला गेलं, कुणी कंटाळलं, कुणी थडग्यात गेलं. ईरजही गेला. त्याला पुरलं त्या दिवशी नोसरत दफनभूमीच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, हातात टोपी घेऊन सगळा वेळ उभा होता. आत आला नाही. कुणी बोलावलं नाही, आणि न बोलावता कसं यायचं? दोन वर्षांनी तो गेला तेव्हा फरंगीसनं रीतीप्रमाणे केशर घालून पिठाचा हलवा केला, वर बदामाचे काप लावले, आणि ताटली घेऊन दारापर्यंत गेली. मग परत फिरली. तो हलवा तिनं एकटीनंच खाल्ला, दिवसचे दिवस, आणि प्रत्येक घासाला रडली.

आणि मग एका शरद ऋतूत तिकडे इराणात मुली डोक्यावरचे रुमाल फेकून, केस मोकळे सोडून रस्त्यावर उतरल्या. कोलोनचा चौक माणसांनी फुलून गेला. दोन्ही टेबलं त्या गर्दीत बुडाली. इथंच जन्मलेली, जर्मन वळणाची आपली भाषा बोलणारी पोरं येऊन विचारायला लागली, "मावशी, तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय?" परक्याला "तात्त्विक" म्हणून कटवता येतं. आपल्या माणसापुढे फरंगीसची जीभ वळेना.

गर्दी हळूहळू ओसरली, पण गुलरुख राहिली. ती दवाखान्यात नर्स, चौतिशीची, तोंडानं फटकळ. ती कुठल्याच टेबलाची झाली नाही. एकाचे कागद संपले की दुसऱ्याचे उचलून आणायची. "नाहीतरी शब्दन् शब्द एकच आहे," म्हणायची. दोन्हीकडचे म्हातारे यावर खूप रागवले, आणि कागद तेवढे वाटत राहिले.

पुढच्या मार्चमधल्या एका शनिवारी राईन नदीवरून असा वारा सुटला, की चौकात चिटपाखरू थांबेना. फरंगीसच्या टेबलावरचे नेहमीचे दोन सोबती आले नव्हते. तूरानकडेही कुणी नव्हतं. तूराननं मात्र हट्टानं कापडी मांडव उभा केला होता. वारा त्यात शिरला आणि मांडव उचलला गेला. त्याच्या खांबाला लोंबकळलेली तूरान चवड्यांवर नाचू लागली. फरंगीसनं हातातले कागद टाकले आणि गुडघ्यांना न विचारता चौक ओलांडून धावली. तिनं खांबाला मिठी मारली.

"सोड तो," फरंगीस ओरडली. "तुला घेऊन जाईल."

"तूच सोड. तुझं टेबल तिकडे आहे."

"टेबल गेलं खड्ड्यात. बनियन घातलंस का?"

तूराननं खांब आणखी घट्ट धरला. मग म्हणाली, "नाही."

"मला माहीत होतं."

दोघी तशाच खांबाला धरून उभ्या राहिल्या. वारा नाकातोंडात जात होता, त्यामुळे रडण्याचा खुलासा कुणाला द्यावा लागला नाही. जरा वेळानं तूरान म्हणाली, "तेव्हा तू बोलायला हवं होतंस."

"तूही."

"हो. मीही."

त्या वसंतात दोन्ही टेबलं एक करायचं ठरलं. दोन्ही संघटनांची मिळून पंचवीसेक माणसं उरली होती. पण एक म्हटलं की अध्यक्ष आला. पुन्हा कुणाचं तरी बिनसणार, कुणीतरी गाल चुंबून घरी जाणार आणि पुढच्या शनिवारी दुसरं टेबल लागणार. पण पंचवीस म्हाताऱ्यांची दोन टेबलं म्हणजे येत्या चार वर्षांत एकही टेबल नाही, हे न कळण्याइतकं कुणी दुधखुळं नव्हतं.

आणि फरंगीसला ते अध्यक्षपद हवं होतं. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. रश्त आता दिसणार नाही, हे तिला डॉक्टरनं हृदयाचे फोटो दाखवले तेव्हाच उमगलं होतं. तिकडे प्रजासत्ताक येईल, तिचा त्यावर अजून विश्वास होता, पण ते तिच्या वाट्याचं नाही. तिला मिळेल ते एवढंच, कोलोनमधल्या पंचवीस माणसांचं. दुधाची तहान ताकावर. पण चाळीस वर्षं मागे उभं राहून पुरुषांना चहा दिल्यावर ते ताक तरी आपल्या हातानं घुसळावं असं तिला वाटायचं. टेबल कुठं लावायचं, फलकावर काय लिहायचं, पुढे कुणी बोलायचं, सगळं तिच्या डोक्यात तयार होतं. रात्री झोप लागेना इतकं ते तिला हवं होतं.

सभेला गुलरुखनं दवाखान्याच्या कॅन्टीनची मागची खोली मिळवली. ती टेबलावर बिस्किटांचा मोठा रिकामा डबा ठेवून उभी राहिली.

"नियम ऐका. कुणी कुणाचं नाव सुचवायचं नाही. ज्याला अध्यक्ष व्हायचंय त्यानं स्वतःचा हात स्वतः वर करायचा. मग चिठ्ठ्या. चिठ्ठीवर कुणाचंही नाव लिहा, स्वतःचंसुद्धा."

खोलीत हलकल्लोळ झाला.

"स्वतःच स्वतःचा हात? लाज वगैरे काही आहे की नाही?" होशमंद-आगा म्हणाले. ते आता नव्वदीला टेकले होते.

"लाजेपायी तीस वर्षं गेली, आगा," गुलरुख म्हणाली. "आता बघू बेशरमपणानं काय होतंय."

प्रत्येक जण आपापले बूट बघत बसला. कुणीतरी चहात साखर नसतानाही चमचा ढवळत होतं. फरंगीसचा हात मांडीवर दगडासारखा पडला होता. तिला वाटलं, मी आत्ता हा उचलला तर आई थडग्यातून उठून थोबाडीत मारेल. मग तिला तो अर्धा अंधार दिसला, त्या टाळ्या ऐकू आल्या, आणि ईरजचा हसरा चेहरा आठवला, ज्याच्या आत आग लागली होती. तिनं हात वर केला.

होशमंद-आगा तिच्याकडे वाकले. "खानूम, मोरीकडे जायचंय का? डावीकडे आहे."

"मला अध्यक्ष व्हायचंय," फरंगीस म्हणाली.

आणि मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला, हळूहळू, आणखी एक हात वर गेला. तूरानचा.

चिठ्ठ्या डब्यात पडल्या. फरंगीसनं आपल्या चिठ्ठीवर आपलंच नाव लिहिलं आणि शाळेत शेजारणीला नक्कल करू न देणाऱ्या मुलीसारखी वरून हाताची आडवी भिंत केली. गुलरुखनं सगळ्यांसमोर चिठ्ठ्या उघडल्या, वाचल्या, पुन्हा मोजल्या.

"तूरान-खानूम," ती म्हणाली. "दोन मतांनी."

टाळ्या वाजल्या, पण चोरून वाजाव्यात तशा. कारण सगळ्यांचे डोळे फरंगीसवर होते. इतकं दुखेल असं तिला वाटलं नव्हतं. नको नको म्हणत हरणं वेगळं, त्यात अब्रूला पांघरूण असतं. मागून न मिळणं म्हणजे भर चौकात उघडं पडणं. तिला प्रथमच ईरजचा राग पुरेपूर कळला आणि त्याची कणवही आली. ती उठली, खुंटीपाशी गेली, कोट काढला. कुणी तिला थांबवलं नाही. तिनं एक बाही चढवली.

तूरान खुर्च्यांमधून वाट काढत तिच्यापाशी आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"फरंगीस जान, हा मान तुझाच आहे. तू घे."

"नको."

"खरंच सांगते. तूच लायक आहेस. मी सगळ्यांसमोर सोडते."

"नको म्हटलं ना."

खोलीतल्या एकूण एक म्हाताऱ्याला ठाऊक होतं, आता काय व्हायचं ते. दोनदा झालं होतं. तूराननं श्वास भरून घेतला आणि तोंड उघडलं, तोच फरंगीसनं तिच्या ओठांवर हात ठेवला.

"बोलू नकोस. तू म्हणालीस तर मी हो म्हणेन, एवढं मला हवंय ते. मत मी मलाच दिलं."

"मीपण मलाच," तूरान हातामागून म्हणाली.

"बरं केलंस. पण लोकांनी ते तुला दिलंय, तूरान. ते तू मला कुठून देणार? तुझ्या बापाचं आहे का?"

तूराननं मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी फरंगीसच्या बोटांवर ओघळलं. फरंगीसनं हात काढून कोटाला पुसला, मग चढवलेली बाही उतरवली आणि कोट पुन्हा खुंटीला लावला. तिला अजून दुखतच होतं. ती आपल्या जागेवर परत आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अध्यक्षबाई, शनिवारी टेबल कुणी आणायचं ते सांगा."

तूराननं बाहीनं नाक पुसलं. "तू आण," ती म्हणाली. "आणि वेळेवर ये."